वाऱ्याच्या अंगाची झाडं

३ मार्च

टिटवे,

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. आमचा एकुलता एक फोन सोसायटीच्या कचेरीत, शेजारी चिटणीस बसलेला, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्याशी दोन शब्द बोलून मी घरी येईपर्यंत त्यांचे चार होऊन माझ्या आधी दारात हजर. त्यापेक्षा पत्र बरं. टपालगाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. झाडं लावून पोट भरणाऱ्या बाईला तीन दिवसांचं काय!

कामाचं लिहिते. तुमच्या वृक्षसंशोधन केंद्राचं पत्रक आलंय. सुधारित पाइन, तीस टक्के जास्त लाकूड, अठ्ठावीस वर्षांऐवजी विसाव्या वर्षी तोडणी. खाली कोष्टक, आणि कोष्टकाखाली तुझी सही. मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. आईबाप कामासाठी लांब असताना नऊ वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून जी पोर पाढे चुकायची, तिच्या सहीवर आता डोंगर विकले जातात.

आमच्याकडे यंदा सगळा उतार तोडणीला आलाय, हे तुला ठाऊकच आहे. एक्केचाळीस घरांचा उतार. ज्याचा त्याचा तुकडा वेगळा, पण तोडणी आणि लावणी सगळ्यांची मिळून ठरते. तोडल्यावर काय लावायचं ते ठरवायला २२ तारखेला, रविवारी सभा आहे. तुमचं रोप आमच्या रोपाच्या तिप्पट किमतीला. मी सोसायटीची अध्यक्ष, त्यामुळे जो येतो तो मलाच विचारतो, "बाई, तुमची भाची तिथे आहे, खरं काय?" मी सांगते, ती माझ्या हाताखाली वाढली, खोटं लिहिणार नाही.

तर मला शिकवू नकोस, फुगवून सांगू नकोस. हो की नाही, एवढंच कळव.

तुझी
आत्या

७ मार्च

आत्या,

पत्रक तुमच्यापर्यंत पोचणार हे माहीत होतं. इतक्या लवकर पोचेल असं वाटलं नव्हतं.

शिकवू नकोस म्हणालीस तरी थोडं सांगते, कारण सभेत तुला विचारतील. या रोपांत जादू काही नाही. तीस वर्षांपूर्वी केंद्राच्या लोकांनी जंगलं पालथी घातली आणि शंभर उत्तम झाडं निवडली. सरळ, जाड, निरोगी. त्यांची कलमं करून बाग लावली. मग उत्तमाचा उत्तमाशी संकर करायचा, त्यांची पोरं वेगवेगळ्या जागी लावून बघायची, दर वर्षी उंची आणि घेर मोजायचा, आणि जी घराणी मागे पडतील ती बाद करायची. मोजायचं काम माझं. खोडाला टेप कसा लावायचा ते आतोबांनी मला तुमच्याच उतारावर शिकवलं होतं, तेच अजून करते.

आता किमतीचं. खड्डा, मजुरी, तण काढणं, कुंपण हे साध्या रोपालाही तेवढंच लागतं. फरक फक्त रोपाच्या दामाचा. पण हा जादा पैसा वीस वर्षं मातीत अडकतो, त्यामुळे त्यावर व्याज धरावं लागतं. ते धरूनही हिशेब फायद्याचा निघतो, आणि त्याचं खरं कारण तीस टक्के नाही, आठ वर्षं आहे. थोडं लाकूड लवकर हाती येणं हे जास्त लाकूड उशिरा येण्यापेक्षा भारी पडतं.

हो की नाही विचारलंस. कोष्टकातला आकडा बरोबर आहे. त्यातलं एकेक झाड मी स्वतः मोजलंय.

तब्येतीला जप. गुडघ्याचं औषध संपलं असेल तर कळव.

टिटवी

ता. क. तुमच्या डोंगराच्या वरच्या खांद्यावर हल्ली वारा कसा असतो? लहानपणी आपण खिडक्या दोरीने बांधून ठेवायचो. सहज आठवलं म्हणून विचारते.

१२ मार्च

टिटवे,

वाऱ्याला काय धाड भरलीय? तो आहे तिथेच आहे. हिवाळ्याच्या तोंडावर येतो, चार दिवस डोकं खातो आणि जातो. तुला घरची आठवण येतेय, सरळ लिही ना. येऊन जा आठ दिवस.

तुझं पत्र कचेरीत वाचून दाखवलं, तब्येतीचा भाग सोडून. वखारवाला तर टेबलावर थापा मारायला लागला. तो लाकूड घेणारा, त्याला वीस वर्षांनी माल मिळणार, त्याच्या आनंदाला पारावार नाही. शिवाय सगळ्यात वरचा, खांद्यावरचा मोठा तुकडा त्याचाच. म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं थांबायला मी काय कासव आहे?" मास्तरीणबाई तेवढ्या विरोधात. त्या म्हणाल्या, "सगळ्या उतारावर एकाच घराण्याची पोरं लावायची म्हणजे एकाला सर्दी झाली की सगळ्यांची नाकं वाहणार." लोक हसले. त्यांच्या बोलण्यात पुस्तकाचा वास येतो असं म्हणतात आपल्याकडे.

एक गोष्ट मात्र मला जड जातेय. तुमच्या केंद्राची अट आहे की सगळं क्षेत्र एकदम लावलं तरच चौथा हिस्सा सूट. सगळं म्हणजे घरामागची बियाण्याची राईसुद्धा. दीडशे झाडं. तुझ्या आतोबांच्या आजोबांपासून दर तोडणीला जी झाडं सगळ्यात नेटाने उभी राहिली ती ठेवून ठेवून झालेली राई. आजवर सगळं बी तिथूनच घेतलं. वखारवाला म्हणतो, विकतचं रोप घ्यायचं ठरलं तर बी कशाला सांभाळायचं? बोलणं बरोबर आहे. आणि ती माझी नाही, सोसायटीची आहे.

तुझ्या "आकडा बरोबर आहे" वर मी हो म्हणणार आहे.

आत्या

१९ मार्च

आत्या,

सभा पुढे ढकल. काहीही कारण सांग, गुडघा दुखतोय म्हण. आणि काही झालं तरी राईला हात लावू देऊ नकोस.

कारण आत्ता लिहिता येत नाही. चार दिवस पत्रं लिहून फाडतेय. काल फोन केला होता, चिटणीसांनी उचलला. तू रोपवाटिकेत होतीस. निरोप ठेवायचा धीर झाला नाही, "सहज केला होता" म्हणून ठेवला.

हे शुक्रवारच्या गाडीला मिळायला हवं. मिळेल ना?

टिटवी

२४ मार्च

टिटवे,

नाही मिळालं. तुझी चिठ्ठी आज मंगळवारी आली. सभा परवाच झाली. एक्केचाळीसपैकी चौतीस हात वर. त्यात माझा पहिला. करारावर सही केली. ६ एप्रिलला, सोमवारी तोडणी सुरू. मुकादम माणसं घेऊन रविवारीच येऊन राहणार आहे.

आणि आता तू लिहितेस, राईला हात लावू नका. कारण मात्र सांगत नाहीस. मी काय समजायचं? तुला लहानपणी ताप आला की तू अशीच करायचीस. कुठे दुखतंय विचारलं की तोंड भिंतीकडे.

तू मला लिहिलंस, आकडा बरोबर आहे. मी तेच चौतीस घरांना सांगितलं. आकडा बरोबर आणि गोष्ट खोटी, असं असतं का गं? असत असेल तर मला समजेल अशा भाषेत सांग. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही.

उलट टपाली कळव. या खेपेला फाडू नकोस.

आत्या

२७ मार्च

आत्या,

असं असतं.

कोष्टकात तीन जागांचे आकडे आहेत. तिन्ही जागा सखल, आडोशाच्या, खोल मातीच्या. तिथे आमची झाडं खरोखर तीस टक्के पुढे आहेत. त्यात खोट काढून दाखव म्हटलं तर मलाही काढता येणार नाही.

पण प्रयोग चार जागी होता. चौथी जागा एका उघड्या टेकडीवर, वाऱ्याच्या अंगाला. तुमच्या खांद्यासारखी. सात वर्षं तिथेही आमची झाडं पुढे होती. आठव्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर मोठं वादळ झालं. मी चौथ्या दिवशी टेप घेऊन गेले. आत्या, आमची तीनशे साठ झाडं होती. दोनशे चार मोडलेली. कुणाचा शेंडा गेला, कुणाचं खोड कमरेतून. शेजारीच तुलनेला साधी तीनशे साठ लावली होती, त्यांतली एक्केचाळीस मोडली. घाईने वाढलेलं लाकूड हलकं भरतं आणि वर पसारा मोठा. वारा अंगावर घ्यायची ताकद राहत नाही.

मी चारही जागांचं कोष्टक करून आमच्या विभागाच्या साहेबांकडे नेलं. आडोशाला तीस टक्के फायदा, वाऱ्याच्या अंगाला रोपाचा जादा दामही सुटत नाही, असं स्पष्ट लिहून. साहेब वाईट नाहीत. मला त्यांनीच हाताला धरून शिकवलं. ते म्हणाले, "वादळ हा अपघात आहे, तो झाडाचा गुण कसा धरायचा?" मी म्हटलं, दोन्ही एकाच वादळात उभी होती. मग त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. म्हणाले, "एक वाण करायला तीस वर्षं लागतात. तीस वर्षं पगार देणारा कुणी नाही. आज ही रोपं विकली गेली तर पुढचा वाण होईल, वाऱ्यालाही टिकेल असा. नाही विकली गेली तर या खोलीला कुलूप. तू ठरव."

माझा करार दर जूनला नवा होतो. मी चौथी ओळ खोडली आणि सही केली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. उलट मी तुला वाऱ्याचं विचारलं. तुझ्या तोंडून "आमच्याकडे वारा नसतो" असं ऐकायचं होतं, म्हणजे मला झोप लागली असती.

सोबत चौथ्या जागेच्या मोजणीचा कागद आहे. त्यावर माझं हस्ताक्षर आहे, कुणी पाहिला तर कुणी पाठवला हे लगेच कळेल. तुला हवं ते कर. मी तक्रार करणार नाही.

टिटवी

१ एप्रिल

टिटवे,

काल तुझं पत्र वाचलं. चिटणीस विचारत होता, बाई, भाचीचं काय म्हणणं? म्हटलं, मजेत आहे.

तुझ्यावर ओरडायला बसले होते. पण आधी माझं सांगून टाकते. तुझा वाऱ्याचा प्रश्न मला तेव्हाच कळला होता. पन्नास वर्षं या उतारावर राहिलेल्या बाईला तो कळणार नाही होय? कळूनही मी घरच्या आठवणीवर ढकलला. पत्र कचेरीत वाचलं तेव्हा ता. क. गाळला. तब्येतीचा भाग सोडला असं तुला लिहिलं, ते अर्धंच खरं होतं.

का, ते ऐक. तुझ्या आतोबांनी लावलेला तुकडा तोडायला यायच्या सहा वर्षं आधी ते गेले. शेवटच्या महिन्यात खिडकीतून त्या झाडांकडे बघून म्हणायचे, "उरका रे, उरका." गंमत म्हणून म्हणायचे, पण मला ते गमतीचं वाटलं नाही. इथली तरणी पोरं एकेक करून चाललीत. जाताना सगळी तेच विचारतात, अठ्ठावीस वर्षं कशाची वाट बघायची? तुमच्या पत्रकात वीस लिहिलं होतं. मला ते खरं हवं होतं. तुझी सही बघून मी डोळे मिटून घेतले.

म्हणजे तू ओळ खोडलीस आणि मी ता. क. खोडला. आत्या-भाची शोभतो.

आता पुढचं. तुझा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पिठाच्या डब्याखाली आहे. तोडणीच्या परवान्यावर अध्यक्षाची सही लागते, ती मी करणार नाही. कारण सांगणार नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील, म्हणू देत. मला या वयात कुणाचा करार नवा करून घ्यायचा नाही. तुला मात्र करायचाय. तेव्हा तू गप्प राहायचं. एक अक्षर बोलायचं नाही. हे आत्या म्हणून सांगतेय.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

हे तुला शुक्रवारी मिळेल अशा बेताने सकाळीच टाकतेय.

मी आज संचालकांना लेखी कळवलं की पत्रकातलं कोष्टक अपुरं आहे आणि त्यावरची सही मी मागे घेते. चारही जागांचं कोष्टक जोडलं. ज्या नऊ सोसायट्यांनी मागणी नोंदवली आहे त्या सगळ्यांना एकेक प्रत टाकली. तुझ्या सोसायटीची प्रत या पाकिटात आहे.

साहेबांना आधी सांगितलं. तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. ते खिडकीशी उभे होते, वळले नाहीत. म्हणाले, "पोस्टात टाकलंस?" मी हो म्हटलं. "मग मला का विचारतेस?" मी म्हटलं, विचारत नाही, सांगतेय. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

तर आता तू काही लपवायचं कारण नाही. कागद दाखव. सोमवारच्या आत दाखव.

टिटवी

१२ एप्रिल

टिटवे,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. मी तुला गप्प राहा लिहीत होते तेव्हा तू पाकिटं चिकटवत होतीस. तुला माझं ऐकायची सवय कधीच नव्हती. रागावले आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

जे झालं ते सांगते. रविवारी तातडीची सभा बोलावली. मुकादमाची माणसं बाहेर ओट्यावर करवतींना धार लावत बसली होती, तो आवाज सभाभर चालू. मी तुझं कोष्टक वाचलं. दोनशे चार आणि एक्केचाळीस. मग ता. क. वाचला, जो मागच्या खेपेला गाळला होता, आणि गाळला होता हेही सांगितलं.

मग वखारवाला उठला. "बाई, तुमच्या भाचीने आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगतेय. तिसरं कधी सांगणार?" मी म्हटलं, "चूक झाली, ती सांगितली." तो म्हणाला, "चूक तुमची आणि दंड आमचा. करार मोडला तर केंद्र अनामत परत देणार आहे का? बाहेर बसलेल्या माणसांची मजुरी कोण देणार?" मागून कुणीतरी ओरडलं, "घरचीच कंपनी आहे त्यांची!" मास्तरीणबाई उभ्या राहिल्या तर त्यांना बसा, बसा म्हणून खाली बसवलं. ज्यांच्या पोरांना त्यांनी अक्षरओळख करून दिली, त्यांनीच.

हात वर झाले. करार ठेवावा, बावीस. मोडावा, एकोणीस. मग दुसरा ठराव आला, अध्यक्ष बदलावा. तो तेहतीस हातांनी मंजूर. कचेरीची चावी काढून टेबलावर ठेवली. अकरा वर्षं पदराला होती, जागा रिकामी वाटते.

सोमवारी खालून तोडणी सुरू झाली. गुरुवारी ती राईपाशी पोचली. मी आणि मास्तरीणबाई जाऊन मध्ये उभ्या राहिलो. मुकादम भला माणूस, टोपी काढून म्हणाला, "आजी, तुम्ही उभ्या असाल तोवर मी करवत लावणार नाही. पण माझ्या माणसांचा दिवस जातो, आणि संध्याकाळी नवे अध्यक्ष दुसरा मुकादम आणतील, तो विचारणार नाही." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तासभर उभी राहिले. राई माझी नाही, हे डोक्यातून जाईना.

मग मी त्याला विचारलं, "झाड आडवं झाल्यावर शेंड्याचं तुम्ही काय करता?" म्हणाला, "काही नाही, जाळतो." म्हटलं, "एक कर. एकेक पाड. पाडलंस की करवत थांबव, शेंडा मला दे. मी शंकू काढून घेते." शंकूंत गेल्या मोसमाचं बी असतं, ते तुला सांगायला नको.

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी आम्ही दोघीच. दुसऱ्या दिवशी मुकादमाची माणसं दुपारच्या सुट्टीत येऊन शंकू तोडू लागली. तिसऱ्या दिवशी ज्यांनी माझ्याविरुद्ध हात वर केला होता त्यांतल्या काही बायका पोती घेऊन आल्या. दीडशे झाडं पडली. तेवीस पोती भरली.

घरामागे आता इतका उजेड आहे की सकाळी डोळे उघडवत नाहीत.

तुझं काय झालं? मला खोटं लिहू नकोस.

आत्या

२६ मे

आत्या,

उशीर झाला. काय होतंय ते कळल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

नऊपैकी चार सोसायट्यांनी मागणी मागे घेतली. केंद्राने नवं पत्रक काढलं, त्यात चौथी ओळ आहे, बारीक अक्षरांत, "उघड्या, वाऱ्याच्या जागी लावण्यापूर्वी केंद्राचा सल्ला घ्यावा." सल्ला द्यायला कुणी उरणार नाही, कारण जूनमध्ये माझा करार नवा होणार नाही. आणखी तिघांचाही नाही. त्यातल्या एकाला दोन लहान मुली आहेत. तो मला जेवणाच्या खोलीत म्हणाला, "तुझं मन साफ झालं ना? बरं झालं." मी ताट घेऊन बाहेर आले. साहेब म्हणाले होते की खोलीला कुलूप लागेल, ते घाबरवत नव्हते.

मी बरोबर केलं असं मला रोज वाटत नाही. काही दिवशी वाटतं.

काल साहेबांनी बोलावलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. टेबलावर टेकडीचा नकाशा होता. त्या तीनशे साठांतून वाचलेली एकशे छप्पन्न, आणि त्यातली सतरा झाडं अशी आहेत की जाडीला आमच्या उत्तमांबरोबर आणि वादळात ढिम्म हलली नाहीत. मी ती नकाशावर कधीच लाल करून ठेवली होती. ते म्हणाले, "थंडीत यांच्या काड्या घे आणि कुठेतरी कलमं कर." मी म्हटलं, परवानगी? तर म्हणाले, "ज्या प्रयोगाला आम्ही वर्षभर मोजलंच नाही, त्याच्या काड्या मोजायला कोण बसलंय?" आणि लेखी परवानगी सही करून दिली. आत्या, ते हसले नाहीत, पण वळले.

कलमं करायला जागा लागेल. फळ दिसायला वीस-पंचवीस वर्षं. पैसा कुणी देणार नाही. मी विचारत नाही, सांगतेय.

टिटवी

९ सप्टेंबर

टिटवे,

तू आता इथेच येणार म्हणून दोन खोल्या झाडून ठेवल्यात. ते सोड, एक गोष्ट लिहायची राहिली तर पोट फुगेल.

तेवीस पोत्यांचं बी निघालं, ते पेरलं. रोपवाटिका माझ्या नावावर आहे, ती सोसायटीला ठरावाने काढता येत नाही. उगवण बरी आहे. सुधारित रोपं पुढच्या महिन्यात येणार, खालच्या आडोशाच्या तुकड्यांवर ती लागतील. तिथे ती छान येतील असं मी सगळ्यांना सांगते, कारण ते खरं आहे. करारात मेलेल्या रोपांच्या जागी काय लावायचं ते मालकाने ठरवायचं, असं एक कलम मास्तरीणबाईंनी शोधून काढलंय. तेव्हापासून वरच्या तुकड्यांवरची रोपं लावायच्या आधीच कागदावर मरायला लागली आहेत.

परवा भर दुपारी वखारवाला आला. मागच्या दाराने. एप्रिलपासून आमचं बोलणं नव्हतं. वाफ्यांमधून हात मागे बांधून फिरला. वाकून एक रोप चिमटीत धरून हलवून पाहिलं. मी आपली पाणी घालत राहिले.

म्हणाला, "ही जुन्या राईची?"

"हो."

"खांद्यावर टिकतील?"

"याआधीची टिकली. यांचं मला माहीत नाही."

"लाकूड किती टक्के जास्त देतील?"

"माहीत नाही."

"तोडायला कधी येतील?"

"तेही नक्की सांगता येत नाही. तुम्ही नसाल आणि मीही नसेन, एवढं नक्की."

त्याने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "बाई, आयुष्य लाकूड विकत घेण्यात गेलं. माहीत नाही म्हणणारा विकणारा आज पहिल्यांदा पाहिला." आणि खिशातून पाकीट काढलं. "माझ्या खांद्यावर जेवढी बसतील तेवढी द्या. आणि हे कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. आज सकाळपर्यंत मागच्या दाराने आणखी सहा जण येऊन गेले. प्रत्येकाचं म्हणणं तेच, कुणाला सांगू नका.

लवकर ये. माझा गुडघा वाफ्यात बसू देत नाही, आणि टेप लावायला दुसरा माणूस लागतो.

आत्या